उधाण, उघाडी आणि भूगोलाचा तास

मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीवर पोट असलेल्या माणसाला यासाठी कागद लागत नाही. होडी कधी काढायची, डोल कधी लावायची, बायकांनी चिखलात खुबे-निवट्यांसाठी कधी उतरायचे, हे सगळे या हिशेबावर चालत आले आहे.

आता हाच हिशेब विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू. चांद्रमासाच्या तीस तिथ्यांमध्ये भरतीची वेळ पुरते चोवीस तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणपटीच्या रीतीत ती ४५ मिनिटे धरली आहे. फरक तीन मिनिटांचा. पंधरा तिथ्यांत तो पाऊण तासावर जातो. पण पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते, त्यामुळे चूक साचत राहत नाही. शिवाय खाडीच्या आत भरती बंदराच्या तोंडापेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून बेलापूरजवळच्या दिवाळे गावाचे उत्तर कुलाब्याच्या उत्तराहून थोडे वेगळे येणार. चंद्र, पृथ्वी, खाडीची लांबी, अंदाज आणि अचूकता यांतला फरक, पक्षाच्या शेवटी चूक पुसून टाकण्याची युक्ती, हे सारे एका पाऊणकीत बसले आहे. आठवीच्या वर्गाला महिनाभर पुरेल एवढा हा ऐवज आहे. नवी मुंबईच्या शाळांत मात्र भरती-ओहोटी शिकवताना फळ्यावर चंद्राचे वर्तुळ काढले जाते आणि पुढच्या धड्याकडे वळले जाते. खिडकीबाहेर दोन किलोमीटरवर खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते.

स्थानिक लोकांचे पिढीजात ज्ञान आणि शाळेतले भूविज्ञान यांची सांगड घालावी की नाही, घालावी तर कशी, या प्रश्नावर जगात गेली तीस-चाळीस वर्षे बरेच काम झाले आहे. अमेरिकेत स्टीव्हन सेम्केन या भूवैज्ञानिकाने नॅव्हाहो लोकांच्या महाविद्यालयात शिकवताना भूमी आणि आकाश यांच्या परस्पर क्रियेची त्यांची चौकटच अभ्यासक्रमाचा पाया केली. खडकांची यादी नंतर आली, समोर दिसणारा डोंगर आधी आला. कॅनडात मिकमॉ समाजातले ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये एका डोळ्याने आपल्या लोकांचे ज्ञान आणि दुसऱ्या डोळ्याने पाश्चात्त्य विज्ञान पाहण्याची, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची कल्पना मांडली. न्यूझीलंडमध्ये माओरी ज्ञानाला शालेय विज्ञानात स्थान देण्यावरून २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिले आणि मोठा वाद पेटला: हे ज्ञान मौल्यवान असेल, पण ते विज्ञान आहे का? आणि इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाचे उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असते. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथे ‘स्मोंग’ या नावाने गोष्टी-गाण्यांतून जिवंत होती: जमीन हादरली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळायचे. २६ डिसेंबर २००४ ला बेट भूकंपाच्या केंद्राच्या जवळ असूनही तिथले बहुतेक सगळे लोक वाचले.

या चर्चेचा आपल्याशी संबंध काय, असे वाटू शकते. नवी मुंबई म्हणजे आखून वसवलेले शहर, इथे कसले आले मूळचे लोक? हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नगर आखले गेले. ती गावे मोकळी नव्हती. आगरी, कोळी, कऱ्हाडी आणि डोंगराकडच्या कातकरी-ठाकर वस्त्या तिथे होत्या. भातखाचरे, मिठागरे, खाजणे होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली. त्या जमिनीविषयी लोकांना जे ठाऊक होते ते मात्र कोणत्याही पंचनाम्यात आले नाही. माझ्या मते नवी मुंबईतल्या भूविज्ञान-शिक्षणाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

ते ज्ञान किती नेमके होते हे पाहायचे तर खारभूमीकडे जावे लागते. खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्यापासून राखण्यासाठी मातीचा बांध घालायचा. आतले पावसाचे पाणी बाहेर जायला हवे आणि बाहेरचे खारे पाणी आत येता कामा नये, म्हणून बांधात उघाडी बसवायची. उघाडीची झडप एकाच बाजूला उघडते. भरती चढली की खाडीचे पाणीच तिला दाबून बंद करते. ओहोटी लागली आणि बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी तिला ढकलून वाट काढते. बाहेरून ऊर्जा लागत नाही, माणसाने रात्री उठून दार लावायचीही गरज नाही. लागते ती निगा. खेकड्याने बीळ केले, उधाणाच्या लाटेने माती चाटली, की तिथे खांड जाते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढची दोन-तीन वर्षे भात नीट येत नाही. म्हणून बांधाची डागडुजी गावकीचे काम होते. आपल्या शेतापुढचा बांध आपण सांभाळला आणि शेजाऱ्याचा फुटला, तर दोघांचेही बुडते.

आता सिडकोचे धारण तलाव पाहा. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळीकडे भराव घालून ती उंचावण्याऐवजी नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर तलाव खोदले. पावसाचे पाणी नाल्यांनी तलावात येते; भरती असेल तोवर तिथेच थांबते; ओहोटी लागली की झडपेच्या दारांतून खाडीत जाते. तत्त्व तेच, उघाडीचे. शहराच्या इतिहासात ही पद्धत डच म्हणून नोंदली गेली. ज्यांच्या खारीत ती कित्येक पिढ्या चालली त्यांचा उल्लेख होत नाही. आज या तलावांत गाळ साचला आहे, कांदळ आणि तिवर वाढले आहेत, कांदळवन तोडायला न्यायालयाची मनाई आहे, आणि गाळ काढायचा कसा यावर वर्षानुवर्षे कागद फिरतात. मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आले की रस्त्यावर पाणी का तुंबते, हे नवी मुंबईच्या प्रत्येक मुलाला समजलेच पाहिजे असे भूविज्ञान आहे. ते समजावून सांगायला उघाडीसारखे साधन नाही. शाळेच्या अंगणात दोन टब आणि एक पत्र्याची झडप घेऊन ते करता येते.

मातीचीही अशीच गोष्ट. खारजमिनीत उन्हाळ्यात खालचे क्षार सूक्ष्म नळ्यांतून पाण्याबरोबर वर चढतात आणि पृष्ठभागावर पांढरा थर धरतो. शेतकरी पहिले पाऊस या जमिनीवरून वाहू देतो, मीठ धुऊन जाऊ देतो, मगच मोड आलेले बी फेकतो. पुन्हा पेरायचे ते बियाणेही या मातीत तगलेले. काळा राता, भुरा राता या पनवेल-पेण पट्ट्यातल्या भाताच्या जाती क्षार सोसण्यासाठी देशाबाहेरच्या भातसंशोधनातही ओळखल्या जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. शेतकऱ्याचे बी आणि प्रयोगशाळेचे काम एकमेकांना भेटले तर काय होते, याचा नमुना शहराच्या वेशीवर उभा आहे. पनवेलच्या किती शाळांची सहल तिथे जाते?

मिठागरांबद्दल थोडक्यात सांगतो. समुद्राचे पाणी आटत एक दशांशावर आले की मीठ धरायला लागते. त्याआधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम बसतात. फार आटू दिले तर कडवट मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी केव्हा सोडायचे हे जाणणारा आगरी मजूर हा क्रम हाताने राबवत होता. भूविज्ञानात बाष्पनजन्य खडक कसे बनतात हे शिकवताना राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांची किंवा पंजाबच्या मीठ-डोंगरांची उदाहरणे दिली जातात. उरणला ते डोळ्यांसमोर घडत असे.

खडकाबाबत चित्र वेगळे आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर पारसिकच्या डोंगरात, खारघरच्या कड्यात, कर्नाळ्याच्या सुळक्यात दिसतात. घाटावर हे थर जवळपास आडवे आहेत. पनवेलच्या परिसरात ते पश्चिमेकडे वाकून समुद्राखाली उतरतात. भूवैज्ञानिक याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि जगभरच्या शोधनिबंधांत पनवेलचे नाव त्यामुळे येते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेकडे पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत गरम पाण्याचे झरे याच पट्ट्यात ओळीने आहेत. झरे लोकांना माहीत होते, त्यांचे औषधी आणि धार्मिक महत्त्व ठाऊक होते. पण थर का वाकले, भारत आणि मादागास्कर-सेशेल्स वेगळे कसे झाले, हे कोणत्याही लोकपरंपरेतून कळण्यासारखे नव्हते. ते होकायंत्र, नकाशा आणि प्रयोगशाळेनेच सांगितले. सांगड घालायची म्हणजे सगळीकडे ओढूनताणून जोड लावायची असे नाही. उलट इथे वैज्ञानिकाला गावकऱ्याच्या अंगणात येऊन नवे सांगता येते: तुमच्या विहिरीला या बाजूला पाणी का लागते, त्या बाजूला का नाही. तो संवादही सांगडच आहे.

आणि हे शिकवायला फार उशीर करून चालणार नाही. पारसिकच्या रांगेत खाणींनी डोंगराच्या बाजू खाल्ल्या. विमानतळासाठी नव्वद मीटरच्या आसपास उंची असलेली उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा की नको हा इथला विषय नाही. पण एक टेकडी, एक नदी आणि खाजणाचा मोठा पट्टा एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलतो, आणि त्या पिढीच्या भूगोलाच्या वहीत त्याची एक ओळ नसते, हे मला मान्य करता येत नाही.

सर्वांत अवघड जागा इर्शाळवाडीची. पनवेलपासून फार दूर नाही, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांच्या आठवणीतही अशी दरड नव्हती. म्हणजे यादीही अपुरी पडली आणि स्मृतीही. स्मृती शे-दीडशे वर्षांची असते, डोंगराचा उतार हजारो वर्षांच्या हिशेबाने चालतो. आणि पावसाची तऱ्हा बदलत असेल तर जुनी आठवण दिशाभूलही करते. दुसरीकडे, नव्याने फुटलेला झरा, अचानक गढूळ झालेले पाणी, जमिनीला पडलेली भेग, तिरकी होऊ लागलेली झाडे या खुणा सगळ्यांत आधी वाडीतल्याच माणसाला दिसणार, मुंबईतल्या कार्यालयाला नाही. ज्याला या खुणांचा अर्थ शाळेत शिकवला आहे असा वाडीतला मुलगा किंवा मुलगी, हीच खरी सूचनायंत्रणा. सिमेउलुएच्या लोकांकडे ‘स्मोंग’ होते. सह्याद्रीच्या वाड्यांना ते आता रचावे लागेल, आणि ते विज्ञान व गावकरी यांनी मिळूनच रचावे लागेल.

महाराष्ट्राला हे परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे सरकारी शाळांत चालला आणि आजूबाजूच्या वस्तूंवर प्रयोग करून विज्ञान शिकता येते हे त्याने दाखवले. माधव गाडगीळ यांनी लोकांनी स्वतः लिहायच्या जैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवली आणि २००२ च्या कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेचे काम ठरली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला आहे. ऐरोलीला कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. साधने आहेत, माणसे आहेत.

मग अडते कुठे? पहिली अडचण पाठ्यपुस्तकाची. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढली, ही फार चांगली गोष्ट. पण बेलापूरचे मूल ठाणे जिल्ह्याचे वाचते आणि पनवेल-उरणचे रायगडचे, एकाच खाडीचे दोन काठ दोन पुस्तकांत. आणि तिसरीनंतर आपला परिसर मागे पडतो; दहावीला पोहोचेपर्यंत मुलगा भारत आणि ब्राझीलची तुलना करतो. ती तुलना चांगली रचलेली आहे, ॲमेझॉन कळलाच पाहिजे. पण गाढी आणि कासाडी या नद्या कुठून येतात हे सांगता न येता ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ होणे बरोबर नाही. केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळांत तर ही जिल्ह्याची पुस्तकेही नसतात.

दुसरी अडचण भाषेची. खांड, भांग, उघाडी, खाजण, तिवर हे शब्द गावातल्या मुलाला येतात. वर्गात ती बोली अशुद्ध म्हणून दुरुस्त केली जाते. गावातल्या मुलाला जे येते ते वर्गात चालत नाही, आणि सेक्टरमधल्या मुलाला ते ऐकायलाच मिळत नाही.

तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला मोठे स्थान दिले आणि आदिवासी ज्ञानाचाही उल्लेख केला. प्रत्यक्षात ज्ञानपरंपरा म्हटले की ग्रंथांकडे धाव घेतली जाते आणि सगळे आधीच शोधले होते असा सूर लागतो. दिवाळ्याच्या कोळणीला भांगेच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी असण्याच्या, दिवशी चिखलात पाय कुठे धरतो आणि कुठे खोल जातो हे कळते, ते कोणत्याही पोथीत नाही. ते रोज तपासले जाते, चुकले तर पाय रुततो. म्हणूनच ते विज्ञानाच्या जवळचे आहे. जे ज्ञान तपासू द्यायला तयार आहे ते वर्गात यावे. जे फक्त अभिमानासाठी सांगितले जाते ते येऊ नये. न्यूझीलंडच्या वादातून माझ्यापुरता मी एवढाच निष्कर्ष काढतो. ज्यावरून पावसाची सुरुवात धरतात त्या मृग नक्षत्राचेच घ्या: सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. हे मुलांना दाखवले तर मृगाचा मान कमी होत नाही, निरीक्षणाची सवय वाढते.

चौथी गोष्ट मोबदल्याची आणि हक्काची. न्हावा-शेवा बंदराच्या विस्ताराने ज्यांची मासेमारी गेली त्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पाण्याचे मार्ग कुठे होते, मासळी कुठे मिळत असे, ही कोळ्यांची माहिती तिथे हक्काचा आधार ठरली. अशी माहिती शाळेच्या प्रकल्पाच्या नावाखाली फुकट उचलून नकाशावर टाकणे अन्यायाचे होईल. मासळीच्या जागा सांगायच्या की नाहीत हे कोळीवाड्याने ठरवावे. आणि जो माणूस वर्गात येऊन शिकवेल त्याला शाल-श्रीफळ नव्हे, व्याख्यात्याला देतो तसे मानधन द्यावे.

शेवटची अडचण जागेचीच. नेरूळचे डीपीएस तळे २०२४ मध्ये भरतीचे पाणी अडल्याने कोरडे पडले होते. पाण्याची वाट बुजली की रोहितांबरोबर मुलांचा वर्गही जातो. मिठागरे भरली, खारी भरल्या, उघाड्या मोडीत निघाल्या, तर उरलेले सगळे चित्रातूनच शिकवावे लागेल. म्हणून शहराच्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, निदान एक खाजण, एक चालती उघाडी आणि खडकाचा एक उघडा कडा शिक्षणासाठी राखून ठेवण्याची मागणी पालकांनी करायला हवी, जशी ते मैदानाची करतात.

नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांना माझे सांगणे एवढेच आहे. येत्या जूनपासून खाडीजवळच्या प्रत्येक महापालिका शाळेत भरतीची नोंदवही सुरू करा. सहावी ते आठवीच्या मुलांनी तिथीवरून काढलेली वेळ एका रकान्यात, छापील भरती-कोष्टकातली दुसऱ्यात, स्वतः पाहिलेली तिसऱ्यात लिहावी. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. त्या नोंदींशी आपली वही ताडून पाहावी. महिन्यातून एकदा जवळच्या कोळीवाड्यातल्या किंवा गावठाणातल्या जाणत्या बाई-माणसाला शिक्षक म्हणून मानधनावर बोलवा. यासाठी नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, एक वही आणि थोडी तरतूद पुरते.